दोन्ही मावत नाहीत

डॉ. रेश्मा मुजावर यांनी टॅब्लेट टेबलावरून पुढे सरकवला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "वापरायला एकदम सोपं आहे हे. चौकटीवर बोट ठेवलं की तो भाग चालू, पुन्हा ठेवलं की बंद. दाखवते मी."

"नको," त्रिशला म्हणाली. "मीच लिहिलंय ते."

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे 'मांडणी' तुमच्या कंपनीची?"

"हो. आम्ही बरेच जण होतो त्यात. पण पेशंटसाठीचा चित्रांचा पडदा माझा आहे."

शेजारी तिचे वडील, अप्पा, बसले होते. पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेले जिनेंद्र चौगुले मुळातच अबोल. त्यांच्या घरात बोलायचं खातं त्रिशलाच्या आईकडे, पद्मावतीबाईंकडे होतं. विम्याच्या एजंट म्हणून त्यांनी सगळी मिरज पायाखाली घातली होती. ज्याला विमा नको असायचा, त्याच्याकडेही त्या चहा पिऊन, त्याच्या मुलीचं स्थळ ऐकून, सुनेची तक्रार ऐकून मगच उठायच्या. आता त्या या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर पडून होत्या आणि त्यांच्या तोंडून 'आ' यापलीकडे अक्षर फुटत नव्हतं.

मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचं एक केंद्र असतं. शरीरातून येणारी जवळजवळ प्रत्येक जाणीव तिथून पुढे जाते. पद्मावतीबाईंच्या डाव्या थॅलॅमसमध्ये रक्तस्राव झाला आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. शब्द गेले. आणि उजवं अंग पेटलं. तिथे जखम नव्हती, सूज नव्हती. फक्त तिथून येणारा प्रत्येक साधा निरोप मेंदूला आगीसारखा वाटत होता. अंगावर चादर पडली तरी त्या किंचाळायच्या. औषधांनी गुंगी यायची, पण गुंगीतही चेहरा पिळवटलेला असायचा.

त्यावर उपाय म्हणून त्यांच्या मेंदूत 'सेतू' बसवला होता. नखाएवढी चिप, तिच्यातून निघणारे केसाहून बारीक धागे. खराब झालेल्या भागाच्या अलीकडचे संदेश ती वाचायची आणि पलीकडे पोचवायची. शब्द जुळवण्यासाठी एक भाग, वेदना दाबण्यासाठी एक, हातासाठी एक, पायासाठी एक. कुणाच्या मेंदूत कोणते भाग चालवायचे ते ठरवण्यासाठी 'मांडणी' होती.

प्रत्येक संगणकाच्या तळाशी एक प्रोग्राम असतो. मेमरी कुणाला किती, प्रोसेसर कुणाला किती वेळ, कोणता भाग कुणाशी बोलणार, हे तो ठरवतो. त्याला कर्नल म्हणतात. त्रिशलाने पहिल्यांदा हे घरी सांगितलं होतं तेव्हा अप्पांनी "सैन्यातला?" असं विचारलं होतं आणि आई दिवसभर हसत होती. कर्नलमध्ये हजारो गोष्टी असतात. छोट्या यंत्रात त्यातल्या हव्या तेवढ्याच ठेवायच्या आणि बाकीच्या छाटायच्या. पूर्वी हे काम एका लांबलचक मजकुराच्या फाइलमध्ये चालायचं. प्रत्येक ओळीत एक पर्याय आणि त्यापुढे हो किंवा नाही. एक 'हो' म्हटलं की त्याला लागणाऱ्या दुसऱ्या दहा गोष्टींना हो म्हणावं लागायचं, आणि एखादी राहिली तर यंत्र सुरूच व्हायचं नाही. ते जाणणारे इंजिनिअर मोजकेच. त्यांची वाट बघत पेशंट आठवडेच्या आठवडे पडून राहायचे.

'मांडणी'ने तो सगळा गुंता चित्रात आणला. फांद्यांसारख्या पसरलेल्या चौकटी. एक निवडली की तिला लागणाऱ्या आपोआप निवडल्या जायच्या, तिच्याशी न जमणाऱ्या राखाडी व्हायच्या. खाली उष्णतेची पट्टी. मेंदूला एका अंशाहून जास्त ऊब सोसत नाही, म्हणून पट्टी हिरवी असेल तरच कर्नल तयार व्हायचा. आणि या सगळ्याच्या वर त्रिशलाने आणखी एक पडदा केला होता, ज्यांना वाचता-बोलता येत नाही त्यांच्यासाठी. त्यावर फक्त चित्रं. हात, पाय, तोंड, विझणारी ज्योत. पेशंटने स्वतःच्या बोटाने चित्र दाबलं की ती त्याची संमती. हॉस्पिटलांनी हा नियम मान्य केला तेव्हा त्रिशलाला फार बरं वाटलं होतं. मुक्या माणसाला आपल्याच मेंदूबद्दल मत देता आलं होतं.

तिने आईची मांडणी उघडली. 'वेदनाशमन' निवडलं. पट्टी हिरवी. 'वाचा' निवडलं. पट्टी लाल झाली.

तिने हाताचा भाग काढला. पायाचा काढला. नोंदी ठेवणारा भाग काढला, चाचण्यांचा काढला, घड्याळ साधं केलं. नेहमीच्या पडद्यावर न दिसणाऱ्या आतल्या चौकटीत जाऊन तिने एकेक गोष्ट छाटली. पट्टी थोडी मागे सरकायची आणि लालच राहायची.

"जमत नाही ना?" डॉक्टर म्हणाल्या. "मीही बघितलंय. दोन्ही मावत नाहीत. वाचेला गणित फार लागतं आणि वेदनेला क्षणाचीही उसंत नाही. दोन्ही मिळून तापमान वर जातं."

"दुसरी चिप?"

"त्यांचं हृदय दुसरी भूल सोसणार नाही. ही बसवतानाच आम्ही मोठी जोखीम घेतली होती."

अप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "आलटून-पालटून चालवता येणार नाही का? सकाळी हे, संध्याकाळी ते?"

"चालू कर्नलमध्ये काही घालता-काढता येत नाही, अप्पा," त्रिशला म्हणाली. "मुद्दामच तशी सोय केलीय, नाहीतर बाहेरून कुणीही आत शिरेल. बदलायचं तर अख्खा नवा कर्नल लिहायचा आणि चिप पुन्हा सुरू करायची."

"मग तसं करू की."

"करता येईल," डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "पण सारखं नको. आधी दुखणं थांबवू."

तसंच केलं. दुपारी कर्नल लिहिला गेला आणि तासाभरात पद्मावतीबाईंच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी उजव्या हातावरून डावा हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग चादर स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि झोपल्या. अप्पा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि रुमालात तोंड घालून रडले.

घरी आल्यावर काही दिवस छान गेले. आई डाव्या हाताने मोगऱ्याला पाणी घालायची, ऊन अंगावर घेत बसायची. शब्द तिला कळायचे नाहीत. आवाजातली माया कळायची, राग कळायचा, 'चहा' आणि 'ये' एवढं कळायचं. शेजारच्या बायका आल्या की ती त्यांच्या तोंडांकडे टक लावून बघायची. एकीकडून दुसरीकडे, पुन्हा पहिलीकडे. हसायची वेळ चुकायची आणि ते लक्षात आलं की मान खाली घालायची.

एका सकाळी तिने कपाटावरचा टॅब्लेट उचलला, चित्रांचा पडदा उघडून त्रिशलासमोर धरला आणि तोंडाच्या चित्रावर बोट ठेवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग स्वतःच्या ओठांना हात लावला.

"बोलायचंय तुला?" त्रिशलाने विचारलं.

आईने चित्र दाबलं.

नियमाप्रमाणे ती संमती होती. डॉ. मुजावरांनी फोनवर दोनदा विचारलं, मग मान्यता दिली. कर्नल बदलला. चिप पुन्हा सुरू झाली. पद्मावतीबाईंनी डोळे उघडले, खोलीभर नजर फिरवली आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, "अहो, तुम्ही किती वाळलात!"

अप्पा हसले. त्याच क्षणी तिचा उजवा हात आखडला. दात आवळून ती श्वास रोखून राहिली.

"आई? फार दुखतंय?"

"कढईतलं तेल ओतल्यासारखं. बोलू दे मला. थांब." तिने श्वास घेतला. "वत्सलेच्या मुलाचा विम्याचा हप्ता चुकला असेल, त्याला आठवण करा. आणि मोगऱ्याला एवढं पाणी घालतं का कुणी?"

"तूच घालतेस."

"मी? मी घालते?" ती हसायला गेली आणि किंचाळली. पुढचा दिवसभर ती अशीच बोलत राहिली, तुकड्यातुकड्याने, मध्ये थांबून, ओठ चावून. दुसऱ्या दिवशी बोलणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणत होती, "बंद कर. त्रिशू, पाया पडते तुझ्या, बंद कर हे. पुन्हा कधी चालू करू नकोस."

हीसुद्धा संमतीच होती, शब्दांतली. कर्नल परत बदलला. कपाळावरची आठी गेली. आई झोपली.

आणि आठवड्याच्या आत तिने पुन्हा टॅब्लेट आणून तोंडाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"आईला आठवत नाही का?" त्रिशलाने डॉक्टरांना विचारलं.

"दुखलं होतं एवढं आठवत असेल. पण दुखणं आठवत नाही कुणालाच. अंगाला ते परत जाणवत नाही. आणि पुन्हा नको असं स्वतःला बजावून ठेवायला शब्द लागतात, ते त्या अवस्थेत नाहीत."

"मग कोणतं मत खरं धरायचं?"

"कायद्याने दोन्ही. मला विचाराल तर, मला माहीत नाही. माझ्या आणखी काही पेशंटचं असंच झालंय. आम्हाला वाटलं होतं की माणूस एक असतो आणि यंत्र त्याच्यासाठी मांडायचं. इथे मांडणी बदलली की मागणारा माणूसच बदलतो."

त्रिशलाला पुण्याला कामावर जावं लागलं. 'मांडणी' घरच्या टॅब्लेटवर होती, संमतीची खूण डॉक्टरांकडे जायची आणि तिथून मान्यता यायची. बदल झाला की तिच्याही फोनवर सूचना यायची. सुरुवातीला त्या क्वचित यायच्या. मग वाढल्या. वाचा. वेदनाशमन. वाचा. एकदा मीटिंग चालू असताना सूचना आली आणि काही तासांत उलटी सूचना आली. ती तशीच उठली आणि मिरजेला गेली.

अप्पा ओट्याशी उभे राहून भाकरी थापत होते. भाकरी फाटत होती.

"अप्पा, इतक्या वेळा कशाला बदलता?"

"मी नाही बदलत. तीच दाबते."

"टॅब्लेट तिच्यापुढे ठेवतं कोण?"

अप्पांनी हाताला लागलेलं पीठ काढायचा प्रयत्न केला. "ठेवतो मी. संध्याकाळी जेवण झालं की ठेवतो. ती दाबते. मग थोडं बोलते माझ्याशी. दुखायला लागलं की सांगते, परत करतो." ते खाली बघत होते. "एवढी वर्षं तीच बोलत आली गं. मला काय बोलायचं असतं ते तीच सांगायची लोकांना. आता घरात दोघंही मुके. मला जमत नाही."

त्रिशला त्यांना रागवायला आली होती. तिने त्यांच्या हातातली भाकरी घेतली आणि तव्यावर टाकली.

दोन दिवसांनी डॉ. मुजावरांनी दोघांना बोलावून घेतलं. चिपची मेमरी तपासली होती. अशी मेमरी प्रत्येक लेखनाबरोबर थोडी झिजते. आयुष्यात काही मोजके बदल होतील एवढंच गृहीत धरून ती बनवलेली होती. कुणी रोज अख्खा कर्नल बदलेल असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

"आणखी एकदा लिहिता येईल, याची मी खात्री देते," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानंतरचं लेखन अर्ध्यात फसलं तर चिप बंद पडेल. म्हणजे वाचाही नाही आणि दुखणंही परत. म्हणून त्यानंतर मी कुलूप लावणार. आत्ता वाचा चालू आहे. आहे तसं ठेवायचं की शेवटचं बदलायचं, ते ठरवा. त्यांना विचारा."

"कुठल्या त्यांना?" त्रिशला म्हणाली.

घरी आई खिडकीपाशी खुर्चीत होती. उजव्या हाताला वारासुद्धा लागू नये म्हणून तो उशांच्या मध्ये ठेवलेला. त्रिशलाने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. आईने डोळे मिटून ऐकलं.

"ती चित्र दाबणारी बाई मीच ना?"

"हो."

"मूर्ख आहे ती."

"आई!"

"अगं, तिला दुखत नाही, म्हणून तिला बोलावंसं वाटतं. तिचं काय जातंय? बोट ठेवते आणि मला या भट्टीत ढकलून मोकळी होते." ती थांबली, दात आवळले, पुन्हा बोलू लागली. "तुझ्या वेळच्या कळा नंतर आठवल्या असत्या तर कुठल्याच बाईने दुसरं पोर केलं नसतं. तसं आहे ते. विसरते ती."

"पण आई, ती तूच आहेस. तुला गप्प केलं की तिला जन्मभर गप्प राहावं लागेल. तिच्या वतीने तू ठरवतेयस."

"मग कुणी ठरवू? तू?"

त्रिशलाने टॅब्लेट हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"बघ. तुला नाही जमायचं. यांना तर नाहीच." आईने अप्पांकडे पाहिलं. अप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "म्हणजे मीच राहिले. आणि मला सहन होत नाही गं. मी चांगली बाई आहे, पण एवढी नाही. तासभर बोलायला मिळावं म्हणून दिवसभर जळायचं, आणि असे किती दिवस?"

"पद्मा," अप्पा म्हणाले, "माझ्यासाठी नको करूस काही. तुला बरं वाटेल ते कर."

"तुमच्यासाठीच तर इतके दिवस गप्प बसले. म्हणजे बोलत बसले." ती हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखण्याचं की कशाचं ते कळेना. "त्रिशू, जरा बाहेर जा. आणि एक ऐक. नंतर ती येईल तुझ्याकडे ते घेऊन. बोट ठेवेल, हट्ट करेल, रडेलसुद्धा. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी सांगतेय ना, नको देऊस."

त्रिशला गॅलरीत जाऊन उभी राहिली. आतून आईचा आवाज येत होता, थांबत, अडखळत, मधेच चढत. शब्द ऐकू येत नव्हते. ऊन उतरेपर्यंत ती तिथेच होती.

अप्पांनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. "काय म्हणाली?" असं तिने विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. "कढीला बेसन आधी कालवून घ्यायचं म्हणाली, नाहीतर गुठळ्या होतात. दिवस मावळायच्या आत जेवा म्हणाली. औषधं कुठल्या डब्यात, पाव्हणे कोण आले तर काय करायचं. सगळा वेळ हेच सांगत होती." ते गॅलरीच्या कठड्याला टेकले. "मला वाटलं होतं काहीतरी वेगळं बोलेल."

पद्मावतीबाईंनी ज्योतीचं चित्र स्वतःच दाबलं. डाव्या हाताने, जोरात.

संध्याकाळी त्यांना झोप लागली. डॉक्टरांनी दुरून कुलूप लावलं. पडद्यावर तोंडाचं चित्र राखाडी झालं.

पहिले काही दिवस आई खूप झोपली. मग फिरू लागली, उन्हात बसू लागली, मोगऱ्याला भरपूर पाणी घालू लागली. तिच्या चेहऱ्यावर वेदनेची रेघही नव्हती. त्रिशलाने कंपनीला कळवून घरूनच काम चालू केलं होतं. तिला वाटू लागलं की जमेल.

मग आईने टॅब्लेट आणला. राखाडी चित्रावर बोट ठेवलं. काही झालं नाही. तिने पडद्याकडे पाहिलं, त्रिशलाकडे पाहिलं. पुन्हा ठेवलं.

"आई, नाही होत ते. तूच सांगितलंस ना? तुला फार दुखायचं." त्रिशलाने स्वतःच्या उजव्या हातावर हात फिरवून, तोंड वाकडं करून दाखवलं. आईने तिचा हात काळजीने हातात घेतला आणि फुंकर घातली. लेकीलाच दुखतंय, असं तिला वाटलं होतं.

रोज हेच. अप्पा उठून दुसऱ्या खोलीत जायचे. शेवटी त्रिशलाने दुपारी बसून पडदा बदलला. जे चालू होऊ शकत नाही ते चित्र दिसणारच नाही, असं केलं. काम किरकोळ होतं, एक ओळ. उरल्या तीन चित्रांमध्ये तिने अंतर सारखं करून घेतलं.

संध्याकाळी आईने टॅब्लेट उघडला. हात, पाय, ज्योत. तिचं बोट जिथे तोंड असायचं तिथे गेलं आणि थबकलं. तिने बोट उचललं, पुन्हा टेकवलं. नखाने काच खरवडली. मग पदराचं टोक ओलं करून ती काच पुसू लागली, हळूहळू, डाग निघावा तशी, आणि दर वेळी वाकून खाली काही दिसतंय का ते बघू लागली.

त्रिशलाला ते बघवेना. तिने टॅब्लेट हातातून घेतला, ती ओळ काढून टाकली आणि परत दिला. राखाडी तोंड होतं तिथे आलं. आई इतकी मनापासून हसली की दारातून बघणारे अप्पाही क्षणभर हसले.

तिने बोट ठेवलं. वाट पाहिली. बोट पदराला पुसून पुन्हा ठेवलं. मग ते डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिलं. तिला काहीतरी उमगलं असावं. ती खुर्ची ओढून त्रिशलाच्या अगदी शेजारी येऊन बसली, तिचा हात मांडीवरून उचलला, बाकीची बोटं एकेक करून मिटली आणि तर्जनी तेवढी सरळ ठेवली. आणि ते बोट धरून, लहान मुलाला पाटीवर गिरवायला शिकवावं तसं, तोंडाच्या चित्रावर नेऊन दाबलं.

आपलं बोट कामातून गेलंय, पण लेकीचं चालेल, असं तिला वाटत होतं.

त्रिशलाने हात काढून घेतला नाही. आईने पुन्हा एकदा दाबलं, जरा जोराने. मग बोट तसंच धरून ठेवून ती वाट बघत बसली.